फुकटचा वकील तारखेला हजर हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. अशील आणि वकील यांच्यातला करार वैयक्तिक सेवेचा, आणि तसा करार कायद्याने आधीच वगळलेला, असे त्यामागचे कारण. त्या दिवशी अनेक वकिलांनी सुटकेचा सुस्कारा टाकला. पण ‘सेवा’ या शब्दाच्या त्याच व्याख्येत आणखी एक गोष्ट वगळली आहे: मोफत दिलेली सेवा. म्हणजे एखादी लॉ फर्म समाजसेवा म्हणून एखाद्या ग्राहकाची तक्रार विनामूल्य चालवत असेल, तर त्या ग्राहकाला आपल्याच वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगाचे दार दोनदा बंद आहे. समोरचा वकील आहे म्हणून एकदा आणि तो फुकट आहे म्हणून पुन्हा एकदा. उरते बार कौन्सिलकडे गैरवर्तनाची तक्रार किंवा दिवाणी दावा, आणि ज्याचे बाराशे रुपयांचे मिक्सर बिघडले आहे तो या दोन्ही वाटांना जाणार नाही. म्हणून असे काम हाती घेणाऱ्या फर्मनी स्वतःवरच काही नियम घालून घ्यावेत, असे आम्हाला वाटते.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली तो दिवस म्हणून २४ डिसेंबरला ग्राहक दिन पाळतात. त्या आठवड्यात फर्मची शिबिरे होतात. ‘जागो ग्राहक जागो’चा फलक लागतो, भाषणे होतात, पुष्पगुच्छ दिले जातात, फोटो निघतो. शिबिराला आलेल्या माणसाच्या पिशवीत दोन वर्षांचे कागद असतात. ते कोणी उघडत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मधील सामाजिक दायित्वाची सक्ती कंपन्यांना आहे; भागीदारीत किंवा एलएलपीत (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीत) चालणाऱ्या लॉ फर्मला ती लागू नाही. तेव्हा हे काम करणारे ते मनाने करतात, हे मान्यच. पण बार कौन्सिलच्या नियमांत नियम ४६ आहे: फी देऊ न शकणाऱ्या गरजूला मोफत मदत करणे हे वकिलाचे समाजाप्रती असलेल्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक. त्याच नियमांतला नियम ३६ जाहिरातीला मनाई करतो, हे फर्मचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेला फलक लावताना फारसे कोणाला आठवत नाही. शिबिर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या किंवा तालुका विधी सेवा समितीच्या नावाने घ्यावे. हा प्रश्नही मिटतो आणि लोकांचा विश्वासही बसतो.

समितीशी जोडून घेण्याचा दुसरा फायदा मोठा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. या कायद्यात ‘न्यायालय’ म्हणताना न्यायाधिकरणेही धरली आहेत, त्यामुळे ग्राहक आयोगातल्या कामालाही ही मदत मागता येते. फर्मला एखादे प्रकरण घेता आले नाही, तर तो माणूस तिथून थेट समितीच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे जाऊ शकतो.

आणि घेता येणार नाही अशी प्रकरणे भरपूर असतात. मोठ्या फर्मचे अशील म्हणजे बँका, विमा कंपन्या, विकासक. शिबिरात येणाऱ्या तक्रारीही नेमक्या यांच्याच विरुद्ध. म्हणून नोंदणीच्या टेबलावर पहिला प्रश्न ‘काय झाले?’ हा नको, ‘तक्रार कोणाविरुद्ध आहे?’ हा हवा. सामनेवाल्याचे नाव फर्मच्या अशिलांच्या यादीशी ताडून पाहावे आणि नाव निघाले तर पुढचे एक वाक्यही ऐकू नये. सगळी हकीकत ऐकून, कागद चाळून मग ‘आम्हाला जमणार नाही’ म्हणणे सर्वांत वाईट, कारण तोवर ग्राहकाची बाजू त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या वकिलांना कळलेली असते.

आता मुदत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे (सध्याच्या, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ६९). राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ उपयोगी आहे, बरेच व्यापारी तिथल्या तक्रारीवरच पैसे परत करतात. पण हेल्पलाइनवरची नोंद म्हणजे आयोगातली तक्रार नव्हे आणि तिने मुदतीचे घड्याळ थांबत नाही. कंपनीला पाठवलेल्या ई-मेलनीही थांबत नाही, आणि वकिलाची नोटीस दिली म्हणून दोन वर्षे नव्याने सुरू होत नाहीत. लोक आठ-दहा महिने ‘तुमची तक्रार विचाराधीन आहे’ या उत्तरावर काढतात आणि मग येतात. विम्यात दावा फेटाळल्याच्या पत्राची तारीख पाहायची. ते पत्र पाकिटासकट जपून ठेवायला सांगावे. मुदत गेलीच असेल, तर विलंब माफीचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा. त्यात ‘आजारी होतो’ एवढे पुरत नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्याचा कागद, हे हवे.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे चुकीचा आयोग. २०१९ च्या कायद्यात आयोगाची मर्यादा ठरते ती प्रत्यक्ष दिलेल्या मोबदल्यावर, म्हणजे वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेल्या पैशांवर. मागितलेल्या भरपाईचा तिच्याशी संबंध नाही. डिसेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. जुन्या कायद्यात भरपाईची रक्कमही मिळवत असत, ती सवय अजून गेलेली नाही. विम्यात भरलेला हप्ता हाच मोबदला धरतात, म्हणून मोठ्या रकमेचा दावाही जिल्हा आयोगात येतो. मोबदल्यावर आधारलेली ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १०००. ग्राहक राहतो किंवा पोटापाण्याचे काम करतो त्या जिल्ह्यातही आता तक्रार करता येते. ‘फक्त दिल्ली न्यायालयाचे कार्यक्षेत्र’ हे बिलाच्या मागचे वाक्य वाचून कोणी घाबरू नये. मात्र करारच अनुचित आहे अशी मुख्य तक्रार असेल, तर ती जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगातच न्यावी लागते. एवढे एक वाक्य तक्रारीत उगाच घुसडल्याने प्रकरण भलतीकडे जाते.

तिसरी चूक सामनेवाल्याच्या नावाची. दुकानाच्या पाटीवरचे नाव वेगळे, बिलावरचे वेगळे, आणि नोंदणी तिसऱ्याच नावाने. बिलावरच्या १५ अंकी-अक्षरी जीएसटी क्रमांकावरून जीएसटीच्या संकेतस्थळावर कायदेशीर नाव सापडते. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. कंपनी असेल तर कंपनी नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत पत्ता मिळतो. शाखा व्यवस्थापकाला व्यक्तिशः नावाने सामील करण्यात अर्थ नसतो, त्याची बदली होते आणि नोटीस परत येते. वस्तूत मूळचा दोष असेल तर उत्पादकाला सामील करायलाच हवे, नाहीतर विक्रेता ‘मी फक्त विकले’ म्हणून हात वर करतो. हे काम फर्ममधला एखादा प्रशिक्षणार्थी अर्ध्या तासात करू शकतो आणि ग्राहकाला मात्र ते कधीच जमत नाही. फर्मचे खरे दान हेच. भाषणापेक्षा अर्धा तास स्वस्त पडतो.

कागदांची मांडणी तीन रकान्यांत करावी: तारीख, काय घडले, त्याचा कागद. तिसरा रकाना जिथे रिकामा राहील तिथे तक्रार कच्ची. आयोग प्रकरण मुख्यतः शपथपत्रांवर आणि कागदांवर चालवतो. साक्षीदार तपासून चूक भरून काढायची संधी क्वचित मिळते. व्हॉट्सॲपवरचे संभाषण असेल तर स्क्रीनशॉटमध्ये समोरचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ फोन विकू नये, रीसेट करू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र सांगितले आहे. आयोग पुराव्याचे नियम तितके काटेकोर धरत नसला तरी सामनेवाला हरकत घेतोच. बिघडलेली वस्तू तक्रार चालू असताना दुसरीकडे दुरुस्त करून घेऊ नये, भंगारात तर मुळीच देऊ नये. आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, ४५ दिवसांत अहवाल मागवतो आणि त्याचे शुल्क तक्रारदाराला भरायला सांगू शकतो. हे शुल्क कोण देणार, ते फर्मने पहिल्याच दिवशी लेखी सांगावे. वकिलाची फी माफ म्हणजे सगळेच माफ अशी समजूत होते, आणि नोटरी, टपाल, झेरॉक्स, प्रयोगशाळा यांचे पैसे मागितले की तक्रारदार यायचाच थांबतो.

शेतकऱ्यांच्या बियाण्यांच्या तक्रारींवर थोडे सविस्तर लिहितो. इथे पुरावा उभा करायला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात आणि शहरी फर्मना याचा अंदाज नसतो. शेतकरी ग्राहक आहे आणि त्याने प्रयोगशाळेसाठी बियाणे राखून ठेवले नाही म्हणून त्याची तक्रार फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही तक्रारी पडतात, आणि पडतात त्या पंचनाम्यात. सोयाबीन उगवले नाही की शेतकरी दुबार पेरणीच्या घाईत शेत मोडतो, पाहायला काही उरत नाही. शेत मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यायची, तालुकास्तरीय समितीची पाहणी मागायची. पाहणीची सूचना विक्रेत्याला आणि कंपनीला गेली आहे का हे पाहायचे, कारण ‘आमच्या माघारी केलेला पंचनामा’ हाच कंपनीचा पहिला बचाव असतो. बिलावरचा लॉट क्रमांक आणि पिशवीवरच्या लेबलवरचा क्रमांक एकच हवा. पिशवी आणि लेबल फेकू नये, तळाशी मूठभर दाणे राहिले असतील तर उत्तम. पंचनाम्यात ‘उगवण कमी’ एवढेच लिहिले तर तक्रार निम्मी हरली. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणक्षमता ७० टक्के असावी लागते. प्रत्यक्ष शेतात मोजलेला आकडा किती, तो किती ठिकाणी मोजला, पेरणीची तारीख आणि खोली काय, त्याआधी पाऊस किती झाला, शेजारच्या शेतात त्याच दिवशी पेरलेले दुसऱ्या लॉटचे बियाणे कसे उगवले, हे सगळे त्यात यायला हवे. कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असे सांगतो, म्हणून कंपनी पावसाची नोंद काढतेच. तीच नोंद आपल्या बाजूने आधी काढून ठेवावी. सातबाऱ्यावर पीकपेरा आहे का, तेही पाहावे. ज्या फर्मना ग्रामीण भागात काम करायचे आहे त्यांनी डिसेंबरचे शिबिर सोडून जूनच्या पहिल्या आठवड्यात तालुक्याला यावे.

‘व्यापारी हेतू’ हा असाच एक खड्डा. पिठाची गिरणी, शिलाई मशीन, रिक्षा घेणारा माणूस कमावण्यासाठीच घेतो, आणि सामनेवाला म्हणतो हा ग्राहकच नव्हे. स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला कायद्याने सूट दिली आहे. पण तक्रारीत तसे स्पष्ट लिहावे लागते, आणि रिक्षा तो स्वतः चालवतो हे बॅज-परवान्याने दाखवावे लागते. आयत्या वेळी तोंडी सांगून भागत नाही.

एका इमारतीतले वीस जण एकाच विकासकाविरुद्ध आले, तर वीस फायली उघडायची गरज नाही. समान हित असलेल्या सर्वांच्या वतीने कलम ३५(१)(क) खाली आयोगाची परवानगी घेऊन एकच तक्रार करता येते. मात्र सर्वांचे हित नेमके कसे समान आहे ते तक्रारीत मांडावे लागते. ते न मांडल्याने प्रकरण अडकल्याचे उदाहरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आले होते. त्याच निकालाप्रमाणे मोजक्या जणांनी मिळून, सर्वांच्या सह्यांनी केलेली साधी संयुक्त तक्रारही चालते. घराच्या बाबतीत महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) की ग्राहक आयोग हा पर्याय खरेदीदाराचा आहे. महारेराकडे २०१८ पासून ग्राहक संघटनांच्या सहभागाने सलोखा मंचही चालतात.

आता शीर्षकातला मुद्दा. आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह मिळाल्यापासून सामनेवाल्याने ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा, आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. ४५ दिवसांपलीकडे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवले. या नियमाचा फायदा कोणाला मिळतो? ज्याचा वकील ४६ व्या दिवसानंतरच्या तारखेला हजर राहून नोटीस मिळाल्याची पोच दाखवतो आणि तशी पुरसीस (लेखी निवेदन) देतो, त्यालाच. इतरांच्या प्रकरणात जबाब उशिरा येतो आणि कोणी बोलत नाही म्हणून तसाच फायलीत लागतो. टपालाची ट्रॅकिंगची नोंद ऑनलाइन फार काळ राहत नाही. ती त्याच आठवड्यात छापून ठेवावी.

उलट बाजू जास्त गंभीर आहे. तक्रारदाराकडून कोणीच हजर राहिले नाही आणि तक्रार गैरहजेरीत काढून टाकली गेली, तर जिल्हा आयोगाला ती स्वतः पुन्हा फाइलवर घेण्याचा अधिकार नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले, आणि नव्या कायद्यातही जिल्हा आयोगाला फक्त उघड दिसणारी चूक दुरुस्त करण्यापुरते पुनर्विलोकन आहे. मग ४५ दिवसांत राज्य आयोगात अपील करावे लागते. म्हणजे बाराशेच्या मिक्सरसाठी मुंबई! फर्ममध्ये हे नेमके कसे घडते ते सर्वांना ठाऊक आहे. विनामूल्य फाइल सर्वांत कनिष्ठ वकिलाकडे असते, तो वर्षभरात दुसरी नोकरी धरतो, आणि जाताना पैसे देणाऱ्या अशिलांच्या तारखा सोपवल्या जातात, या नाहीत. आमची सूचना अशी की वकीलपत्रावर किमान दोन नावे असावीत, त्यातले एक भागीदाराचे. विनामूल्य फायलींच्या तारखा फर्मच्या मुख्य डायरीतच लिहाव्यात. जायला जमणार नसेल तर कलम ३८ खाली व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणीचा अर्ज आधीच द्यावा. आणि पुढची तारीख तक्रारदाराला त्याच संध्याकाळी कळवावी, म्हणजे वकील नाही पोहोचला तरी तो स्वतः उभा राहील. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही. वकील नसलेला अधिकृत प्रतिनिधीही चालतो, हेही २०११ चेच ठरलेले आहे. तारखांना जाण्याची फर्मची तयारी नसेल, तर ‘आम्ही तक्रार लिहून देऊ, चालवायची तुम्ही’ असे लेखी सांगावे. त्यात कमीपणा नाही. चांगली लिहिलेली तक्रार घेऊन स्वतः उभा राहिलेला ग्राहक, वकीलपत्र देऊन घरी निर्धास्त बसलेल्या ग्राहकापेक्षा सुरक्षित असतो.

मध्यस्थीबद्दल एकच सांगतो. मध्यस्थीत तडजोड होऊन आदेश झाला की त्यावर अपील नाही. तेव्हा सहीआधी पैसे देण्याची तारीख आणि ती चुकल्यास व्याज किती, ही दोन कलमे आहेत का ते पाहावे.

निकाल लागला की फर्म अभिनंदनाचा फोन करते आणि फाइल बंद करते. ग्राहकाच्या हातात तेव्हा फक्त कागद असतो. आदेशाची प्रत आणि बँक खात्याचा तपशील जोडून सामनेवाल्याला त्याच आठवड्यात पत्र पाठवावे. तो अपिलात गेला तर त्याला आधी आदेशाच्या निम्मी रक्कम भरावी लागते, ती भरली आहे का हे राज्य आयोगात पाहावे. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज: कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली, आणि कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते १ लाख दंड, किंवा दोन्ही. वसुलीसाठी सामनेवाल्याची खाती-मालमत्ता दाखवावी लागते. ज्या खात्यात ग्राहकाने पैसे भरले त्याचा क्रमांक सुरुवातीच्या पावतीवरच असतो, म्हणून ती पावती शेवटपर्यंत लागते. कलम ७२ चा अर्ज लागला की बहुधा ‘निम्मे आता घ्या’ असा निरोप येतो. त्या दिवसापर्यंतचे व्याज मोजून कागदावर आकडा ग्राहकासमोर ठेवावा, मग निर्णय त्याचा.

प्रकरण राष्ट्रीय आयोगापर्यंत गेले, तर मराठीतला सगळा अभिलेख इंग्रजीत करून द्यावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलाला आणि ग्राहकाला हा खर्च झेपत नाही. मुंबई-पुण्याच्या फर्मनी, स्वतः प्रकरण न घेताही, एवढे भाषांतराचे काम उचलले तरी चालेल. फाइल बंद करताना मूळ बिल, वॉरंटी कार्ड आणि पोचपावत्या यादी करून, सही घेऊन ग्राहकाला परत द्याव्यात, आणि झेरॉक्स संच पैसे खात्यात जमा होईपर्यंत फर्मच्या कपाटात राहू द्यावा.

आपले,
ग्राहक तक्रारींचे काम पाहणारे काही वकील, नाशिक